प्रवेश-अर्जातील रकान्यांचा इतिहास

बारावीचा एखादा विद्यार्थी शिक्षकांकडे येतो आणि म्हणतो, "सर, अमेरिकेतल्या कॉलेजला अर्ज करतोय. तुमचं शिफारसपत्र लागेल." मोठ्या शहरांतील कनिष्ठ महाविद्यालयांत ही गोष्ट आता फारशी नवलाईची राहिलेली नाही. शिक्षक बहुधा 'सदर विद्यार्थी हुशार, कष्टाळू व सद्वर्तनी आहे' अशा चार ओळी लिहून, सही-शिक्का करून देतात. आपल्या पद्धतीत तेवढे पुरते, कारण आपल्याकडे प्रवेश मुख्यतः गुणांवर ठरतो आणि वर्तणुकीचा दाखला हा फायलीला लावायचा एक कागद असतो. अमेरिकेत मात्र ते पत्र खरोखरच वाचले जाते. त्याच्या जोडीला विद्यार्थ्याने स्वतःविषयी लिहिलेला निबंध, फावल्या वेळातील उद्योगांची यादी, शाळेचा अहवाल, मागील वर्षांचे गुण, 'सॅट' या परीक्षेचा निकाल, आईवडिलांच्या शिक्षणाची माहिती असे बरेच काही असते. हे सारे जमवण्यासाठी तिकडची मुले आणि त्यांचे पालक दोन-दोन वर्षे आधी कामाला लागतात.

हा अर्ज असा का झाला? कोणा एका शिक्षणतज्ज्ञाने विचारपूर्वक तो आखला, असे मुळीच नाही. जुन्या वाड्याला गरजेप्रमाणे खोल्या जोडत जावे तसे त्यात एकेक रकाने वाढत गेले. त्यांतील बहुतेकांचा जन्म केव्हा व कशासाठी झाला हे सांगता येते. काही रकाने दार उघडण्यासाठी आले. काही चक्क दार लावून घेण्यासाठी.

रकाने नव्हते तेव्हा

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील जुनी कॉलेजे आपापली प्रवेश परीक्षा घेत. लॅटिन, ग्रीक आणि गणित हे मुख्य विषय. प्रत्येक कॉलेजाचे नेमलेले ग्रंथ वेगळे, त्यामुळे तीन मुलांना तीन कॉलेजांसाठी तयार करणाऱ्या शिक्षकाला तीन प्रकारचे लॅटिन शिकवावे लागे. १८७०च्या सुमारास मिशिगन विद्यापीठाने वेगळी वाट धरली. विद्यापीठाची माणसे शाळा पाहून येत आणि शाळा पसंत पडली तर तिच्या विद्यार्थ्यांना परीक्षेशिवाय प्रवेश मिळे. मुलांऐवजी शाळेचीच परीक्षा घेण्याची ही कल्पना मला आजही विचार करण्याजोगी वाटते.

छापील अर्जाच्या या पूर्वकाळातील एक अर्ज आपल्या घरचा आहे. आनंदीबाई जोशी जून १८८३मध्ये अमेरिकेत पोहोचल्या आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेला त्यांनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजच्या कार्यकारी समितीचे एक सदस्य आल्फ्रेड जोन्स यांना पत्र लिहिले. तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण पुऱ्या करत नाही हे त्यांनी त्यात सरळ सांगितले आहे. आपले वय, आपली प्रकृती, आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून आपण येथवर आलो ही गोष्ट, पुरुष डॉक्टरकडे जाण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशातील बायकांसाठी आपल्याला हे शिक्षण हवे आहे हा हेतू, आणि जवळचे पैसे पुरणार नाहीत ही अडचण, असे सगळे त्या पत्रात आहे. समितीने अपवाद केला. मार्च १८८६मध्ये त्यांना पदवी मिळाली. आज अमेरिकेतील कॉलेजे विद्यार्थ्याकडून जो वैयक्तिक निबंध मागतात, त्याचा याहून चांगला नमुना मला तरी ठाऊक नाही. आणि तो लिहिला गेला तेव्हा कोणी तो मागितलेला नव्हता.

पुढे शाळा वाढल्या, मुले वाढली. १९००मध्ये काही कॉलेजांनी एकत्र येऊन 'कॉलेज बोर्ड' स्थापले आणि जून १९०१मध्ये पहिली सामाईक परीक्षा झाली. ९७३ मुले बसली. विषयवार प्रश्नपत्रिका, सविस्तर उत्तरे, सारे आपल्या ओळखीचे. ज्याला गुण मिळाले त्याला प्रवेश, इतका सरळ व्यवहार काही वर्षे चालला.

'चारित्र्य' नावाचा रकाना

या सरळ व्यवहारातूनच एक अनपेक्षित गोष्ट घडली. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांची मुले या परीक्षांत उत्तम गुण मिळवू लागली. हार्वर्डमध्ये १९००च्या सुमारास ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण शेकडा ७ होते. १९२२मध्ये ते शेकडा २१च्या वर गेले. हार्वर्डचे अध्यक्ष लॉरेन्स लोवेल यांना हे रुचले नाही. ज्यू मुलांचे प्रमाण शेकडा १५च्या आसपास रोखावे असा त्यांचा प्रस्ताव होता. प्राध्यापकांच्या समितीने उघड कोटा १९२३मध्ये नाकारला.

समितीने नाकारलेली गोष्ट मग अर्जाने केली. १९२२पासूनच हार्वर्डच्या अर्जात नवे प्रश्न आले होते: वंश व वर्ण कोणता, धर्म कोणता, आईचे माहेरचे नाव काय, वडिलांचा जन्म कोठे झाला. आणि एक प्रश्न तर असा, की जन्मानंतर तुमच्या किंवा तुमच्या वडिलांच्या नावात काही बदल केला आहे काय? (आडनाव बदलून घेतलेल्या ज्यू कुटुंबांना हेरण्यासाठी हा होता, हे वेगळे सांगायला नको.) १९२६मध्ये पहिल्या वर्गाची संख्या सुमारे एक हजारावर बांधून टाकण्यात आली, अर्जासोबत छायाचित्र आले आणि निवडीत 'चारित्र्य व व्यक्तिमत्त्व' यांना वजन देण्यात आले. परीक्षेचे गुण मोजता येतात, त्यावर दाद मागता येते. चारित्र्याचे काय करणार? १९२५मध्ये शेकडा २७च्या पुढे गेलेले ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण त्यानंतर थोड्याच काळात शेकडा १५च्या आसपास उतरले. येल, प्रिन्स्टन, कोलंबिया यांनीही आपापल्या परीने हेच केले.

शिफारसपत्र, मुलाखत, अभ्यासाबाहेरचे उद्योग या गोष्टींना अमेरिकेतील प्रवेशात एवढे स्थान मिळाले ते या काळात. म्हणून त्या मुळातच वाईट आहेत असे मी म्हणणार नाही. गुणांपलीकडचे माणूस पाहावे ही इच्छा चांगलीच आहे, आणि आनंदीबाईंना प्रवेश मिळाला तो याच इच्छेमुळे. पण गुणांपलीकडे पाहण्याची मुभा मिळालेला माणूस काय पाहू इच्छितो, हे त्या माणसावर अवलंबून राहते. हा प्रश्न शंभर वर्षांनी पुन्हा न्यायालयात आला. हार्वर्डविरुद्धच्या खटल्यात असे उघड झाले की आशियाई वंशाच्या अर्जदारांना प्रवेश कार्यालय 'वैयक्तिक गुणां'चे मूल्यांकन सरासरीने कमी देत होते. अमेरिकेतील मराठी कुटुंबांतही या खटल्याची चर्चा झाली. खालच्या न्यायालयाला त्यात हेतुपुरस्सर भेदभाव दिसला नाही. सर्वोच्च न्यायालयाने मात्र जून २०२३मध्ये वंशाचा विचार करून प्रवेश देण्याची पद्धतच रद्द ठरवली. वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे विद्यार्थी निबंधात लिहू शकतो, एवढी वाट निकालात मोकळी राहिली. त्यामुळे निबंधाचे वजन आणखी वाढले.

सैन्यातून आलेली परीक्षा

पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने सुमारे १७ लाख जवानांची बुद्धिमापन चाचणी घेतली. प्रिन्स्टनचे मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगहॅम यांनी त्या आकड्यांवर १९२३मध्ये एक पुस्तक लिहिले आणि उत्तर युरोपातील वंश बुद्धीने श्रेष्ठ असल्याचा निष्कर्ष काढला. विज्ञान शिकवणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वर्गात घ्यावे. आकड्यांत असे दिसत होते की परदेशात जन्मलेला जवान अमेरिकेत जितकी जास्त वर्षे राहिला असेल तितके त्याचे गुण जास्त. याचा साधा अर्थ, चाचणी अमेरिकेशी असलेली ओळख मोजत होती. प्रश्नच तसे होते: क्रिस्को ही काय वस्तू आहे, अमुक माणूस बेसबॉल खेळाडू की लेखक? (क्रिस्को हा स्वयंपाकात वापरण्याच्या वनस्पती तुपाचा एक अमेरिकी ब्रँड.) ब्रिगहॅम यांनी उलटा अर्थ लावला. अलीकडे येणारे लोकच हलक्या वंशाचे आहेत, असे त्यांनी ठरवले. सात वर्षांनी, १९३०मध्ये, त्यांनी स्वतःच एका शोधनिबंधात आपले ते काम निराधार असल्याचे जाहीर केले. असे करणारे शास्त्रज्ञ थोडे असतात. पण तोवर पुस्तकाने व्हायचे ते नुकसान केले होते, आणि त्याच चाचणीच्या धर्तीवर त्यांनी कॉलेज बोर्डासाठी रचलेली परीक्षाही सुरू झाली होती.

ती परीक्षा म्हणजे 'सॅट'. २३ जून १९२६ रोजी ८,०४० मुले तिला प्रथम बसली. ९७ मिनिटांत ३१५ प्रश्न. पुढे तिचे गुण २०० ते ८०० या मापावर देऊ लागले. येथे पालकांचा हमखास गोंधळ होतो, म्हणून सांगतो: यातील ५०० म्हणजे आठशेपैकी पाचशे नव्हे. १९४१मध्ये परीक्षेला बसलेल्या मुलांची सरासरी ५०० धरली, प्रमाण विचलन १०० धरले आणि पुढील सर्व मुलांना त्याच पट्टीने मोजले. म्हणजे ६०० गुण मिळवणारा त्या गटाच्या सरासरीपेक्षा एक विचलन वर. पुढे परीक्षेला बसणाऱ्यांत सर्व थरांतील मुले आली, सरासरी बरीच खाली घसरली, तेव्हा १९९५मध्ये ही पट्टी नव्याने आखावी लागली. गुण हे अशा रीतीने दुसऱ्यांच्या तुलनेतील स्थान असते. मुलाला किती येते याचे ते माप नव्हे.

हार्वर्डचे अध्यक्षपद १९३३मध्ये जेम्स कोनंट या रसायनशास्त्रज्ञाकडे आले. श्रीमंतांच्या निवडक शाळांपलीकडची, मध्य-पश्चिमेकडील साध्या सरकारी शाळांतील हुशार मुले आणायची तर त्यांना पारखायचे कसे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यांचे सहकारी हेन्री चॉन्सी यांनी सॅट सुचवली. शाळा कशीही असो, मुलाची उपजत कुवत या परीक्षेत कळेल असा त्यांचा विश्वास होता. (या विश्वासाला पुढे तडे गेले. परीक्षेच्या नावातील 'कुवत' या अर्थाचा शब्द १९९०च्या दशकात काढून टाकण्यात आला, आणि १९९७पासून सॅट ही तीन अक्षरे कशाचीच आद्याक्षरे नाहीत.) १९३४पासून हार्वर्डच्या राष्ट्रीय शिष्यवृत्त्या सुरू झाल्या.

या शिष्यवृत्तीवर १९३५मध्ये इलिनॉयहून एक मुलगा हार्वर्डला गेला. तो गावातल्याच विद्यापीठात जायचा होता. हार्वर्डची शिष्यवृत्ती निघाल्याची बातमी त्याच्या वडिलांनी वर्तमानपत्रात वाचली आणि अर्ज करून पाहा म्हणून सुचवले. मिळेल असे दोघांनाही वाटत नव्हते. हा मुलगा म्हणजे १९८१चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणारे जेम्स टोबिन. त्यांनीच आत्मवृत्तात हे लिहिले आहे. मुलगा बुद्धिमान होता, परीक्षाही होती. पण मध्ये एक वर्तमानपत्र वाचणारा बाप नसता तर?

तळघरातील क्लास

ब्रुकलिनमध्ये नळाची कामे करणाऱ्या एका ज्यू गृहस्थाचा मुलगा, स्टॅन्ली कॅप्लन, १९३८मध्ये आईवडिलांच्या घराच्या तळघरात शिकवण्या घेऊ लागला. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजातून तो उत्तम गुणांनी पदवीधर झाला, तरी एकाही वैद्यकीय कॉलेजाने त्याला घेतले नाही. आपण ज्यू आणि तेही सरकारी कॉलेजचे, म्हणून असे झाले ही त्याची खात्री होती. सॅटसारखी परीक्षा सर्वांना सारखी. तिथे आडनाव विचारत नाहीत. म्हणून १९४६मध्ये एका विद्यार्थिनीने सॅटची तयारी करून घ्या म्हटल्यावर तो तिच्या मागे लागला. परीक्षा घेणारी संस्था अनेक वर्षे सांगत राहिली की या परीक्षेची शिकवणी घेऊन उपयोग होत नाही. १९७९मध्ये तेथील केंद्रीय व्यापार आयोगाने तपास केला, तेव्हा कॅप्लन यांच्या काही विद्यार्थ्यांचे प्रत्येक भागात सरासरीने २५ गुण वाढल्याचे आढळले. जाहिरातीत सांगतात तेवढी ही वाढ नाही, पण नगण्यही नाही.

'क्लास' म्हटले की आपण नाक मुरडतो. पण हा पहिला क्लास ज्यांना बाहेर ठेवले होते त्यांच्या मुलांसाठी होता. पुढे तो मोठा उद्योग झाला, १९८४मध्ये वॉशिंग्टन पोस्ट कंपनीने तो विकत घेतला, आणि त्या वाटेने अर्ज लिहून देणारे, निबंध दुरुस्त करणारे, हजारो डॉलर घेणारे सल्लागार आले. २०१९मध्ये अशाच एका सल्लागाराचे प्रकरण उघडकीस आले. पैसे घेऊन परीक्षेत फेरफार करणे, मुलांना खोटे खेळाडू दाखवणे हे त्याचे उद्योग होते. त्यात पन्नासाहून अधिक लोकांवर आरोप ठेवले गेले.

शाळेतील सल्ल्याचा इतिहास मात्र अंतराळातून सुरू होतो. ऑक्टोबर १९५७मध्ये सोव्हिएत रशियाने स्पुटनिक सोडला. हादरलेल्या अमेरिकेने १९५८मध्ये राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा केला, आणि त्यात विज्ञान-गणिताच्या जोडीने शाळांतील समुपदेशकांसाठीही पैसा ठेवला. हुशार मुले शोधायची आणि त्यांना कॉलेजपर्यंत पोहोचवायचे, हे त्यांचे काम. कोनंट यांनीच १९५९च्या आपल्या अहवालात अडीचशे ते तीनशे विद्यार्थ्यांमागे एक पूर्णवेळ समुपदेशक असावा असे सुचवले. आजही तेथील समुपदेशकांची संघटना २५०चाच आकडा सांगते आणि बहुतेक राज्यांत प्रत्यक्ष संख्या त्याहून बरीच जास्त असते.

१९७५मध्ये १५ कॉलेजांनी मिळून एकच छापील अर्ज चालू केला. आज तो संगणकावर भरतात आणि हजारावर कॉलेजे तो स्वीकारतात. मुख्य निबंधाला ६५० शब्दांची मर्यादा. अर्ज सोपा झाला तशी प्रत्येक मुलाच्या अर्जांची संख्या वाढली, नावाजलेल्या कॉलेजांकडे ढीग येऊ लागले, आणि नाकारले जाण्याची भीती वाढून मुले आणखी अर्ज करू लागली. अर्ज सोपा करण्याचा हा परिणाम कोणी योजला नव्हता.

करोनाच्या साथीत २०२०मध्ये बहुतेक कॉलेजांनी सॅट ऐच्छिक केली. मार्च २०२२मध्ये एमआयटीने ती पुन्हा सक्तीची केली, २०२४मध्ये डार्टमथ आणि हार्वर्डनेही. डार्टमथने दिलेले कारण वाचण्यासारखे आहे. गरीब वस्तीतील काही मुलांना बरे गुण होते. त्या परिस्थितीत ते त्यांच्या फायद्याचेच ठरले असते. पण कॉलेजच्या सरासरीपेक्षा कमी दिसतात म्हणून त्यांनी ते कळवलेच नव्हते. 'अरे, कळव' असे सांगणारे त्यांना कोणी नव्हते.

शेजारी बसणारा माणूस

मदत केल्याने खरोखर फरक पडतो का, आणि कोणत्या मदतीने? या प्रश्नावर गेल्या काही वर्षांत अमेरिकेत चांगले प्रयोग झाले आहेत. औषधांच्या चाचणीसारखे ते केले गेले: चिठ्ठ्या टाकून गट पाडायचे, एकाला मदत द्यायची, दुसऱ्याला नाही.

२०१३मध्ये कॅरोलिन हॉक्सबी आणि सेरा टर्नर यांनी एका प्रयोगाचे निष्कर्ष मांडले. गरीब घरांतील हुशार मुलांना त्यांनी टपालाने कॉलेजांची माहिती आणि अर्जाचे शुल्क माफ करणारी कुपने पाठवली. खर्च प्रत्येकी सुमारे ६ डॉलर. या मुलांनी चांगल्या कॉलेजांना जास्त अर्ज केले, जास्त मुलांना प्रवेश मिळाला. सगळीकडे कौतुक झाले. मग कॉलेज बोर्डाने हीच कल्पना लाखो विद्यार्थ्यांवर वापरली आणि फरक जवळजवळ शून्य निघाला. पहिला प्रयोग खोटा होता असे नव्हे. तोपर्यंत माहिती सगळीकडे उपलब्ध झाली असेल, किंवा मोठ्या संस्थेचे पाकीट न उघडता बाजूला पडले असेल. प्रयोग पुन्हा करून पाहावा लागतो तो यासाठीच.

दुसरा प्रयोग २००८मधला, ओहायो आणि नॉर्थ कॅरोलिनातला. कमी उत्पन्नाची कुटुंबे आयकराचे विवरणपत्र भरून घेण्यासाठी एका कंपनीच्या कार्यालयांत येत. काही कुटुंबांना तेथल्याच माणसाने कॉलेजच्या आर्थिक मदतीचा सरकारी अर्ज भरून दिला. तो अर्ज शंभराहून अधिक प्रश्नांचा होता. पण बरीच माहिती विवरणपत्रातच असल्यामुळे काम दहाएक मिनिटांत होई. दुसऱ्या गटाला फक्त किती मदत मिळू शकेल ते सांगून, अर्ज भरा असा सल्ला दिला. तिसऱ्या गटाला काहीच वेगळे नाही. पुढील तीन वर्षांत दोन वर्षांचे कॉलेज शिक्षण पुरे करणाऱ्या मुलांचे प्रमाण अर्ज भरून दिलेल्या गटात शेकडा ३६ होते, काही न दिलेल्या गटात शेकडा २८. नुसती माहिती मिळालेल्या गटात काहीच फरक पडला नाही.

तिसरा प्रयोग मिशिगन विद्यापीठाचा, २०१५ पासूनचा. राज्यातील गरीब घरांतल्या चांगल्या गुणांच्या मुलांना विद्यापीठाने पत्र पाठवले: तुम्हाला प्रवेश मिळाला तर चार वर्षांची फी माफ, त्यासाठी उत्पन्नाचे कसलेही कागद नकोत. खरे पाहता यातील बहुतेक मुलांना नेहमीच्या नियमांनीही जवळपास तेवढीच मदत मिळाली असती. नवी होती ती फक्त हमी. पत्र न मिळालेल्या मुलांपैकी शेकडा २६ जणांनी अर्ज केला. पत्र मिळालेल्यांपैकी शेकडा ६८. प्रत्यक्ष प्रवेश घेणाऱ्यांचे प्रमाण शेकडा १२ वरून २७ झाले. पत्र मोठ्या रंगीत पाकिटात, मुलाच्या नावाने घरी गेले होते. पालकांना वेगळे पत्र गेले. आणि ज्या शाळेत असे विद्यार्थी होते तेथील मुख्याध्यापकांनाही त्यांची नावे कळवण्यात आली होती, म्हणजे पाकीट हातात घेऊन 'हे खरं आहे का?' असे विचारत मूल आले, तर उत्तर देणारे शाळेत कोणीतरी असावे.